गैरहजर कॉम्प्युटरांचा तालुका

फुकट मिळालेली वस्तू महाग पडते, असं जुनी माणसं म्हणून गेली. त्यांच्या वेळी सीएसआर नव्हतं, नाहीतर ती याहून कडक काहीतरी म्हणाली असती.

जोयडा तालुक्यात वाड्यावस्त्यांवर शाळा आणि एक वसतिगृह चालवणारी एक संस्था आहे. तिला पुण्याच्या एका कंपनीने ४३ कॉम्प्युटर दिले. काही कंपनीत वापरून झालेले, काही सुटे भाग आणून जोडून घेतलेले. अट एकच घातली. प्रत्येक कॉम्प्युटरने रोज एकदा आपण आहोत असं कळवायचं. मुलं त्यावर काय शिकतात, मुळात शिकतात का, याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. कॉम्प्युटर असला पाहिजे आणि तो असल्याचं पुण्यात बसून दिसलं पाहिजे.

याची सोय असते. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवतात, त्याला एजंट म्हणतात. तो गुपचूप मशीनची झडती घेतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्डडिस्क केवढी, सिरियल नंबर काय, आत कोणकोणती सॉफ्टवेअर भरली आहेत, सगळी यादी करतो आणि सर्व्हरला धाडून देतो. कोणी रॅमची पट्टी उपसून नेली तर पुढच्या यादीत ती कमी भरते आणि चोरी उघडी पडते. जीएलपीआय, ओसीएस इन्व्हेंटरी, फ्यूजन इन्व्हेंटरी ही त्यातली फुकट मिळणारी आणि नावाजलेली नावं, तिन्हींची मुळं फ्रान्समध्ये. मोठमोठ्या कचेऱ्या हजारो मशीन यावर सांभाळतात. त्यातलंच एक आम्ही घेतलं. पाऊस फ्रान्सातही पडत असेलच, पण जोयड्याचा पाऊस गृहीत धरून ते कोणी लिहिलेलं नाही.

मी बेळगावचा. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर या संस्थेचा 'तांत्रिक सल्लागार' झालो. मानधन नाही, पण लेटरहेडच्या डाव्या पट्टीत नाव आहे. कायदा सल्लागारांच्या खाली आणि हितचिंतकांच्या वर. त्या दोन ओळींमधली जागा टिकवण्यासाठी माणूस काय काय करतो, याची लोकांना कल्पना नसते.

सर्व्हर बेळगावच्या कचेरीत, माझ्या टेबलाखाली. एजंट एका पोराला हाताशी धरून सगळीकडे बसवून घेतले होते. डॅशबोर्ड उघडला की ४३ हिरवे ठिपके दिसायला हवे होते. दिसले ९. पुढच्या आठवड्यात ७. पुण्याहून सीएसआरच्या मॅडमचं पत्र आलं, अत्यंत सौम्य भाषेत, आणि सौम्य भाषेचा मला कारखान्यापासून धसका आहे. ३६ कॉम्प्युटर 'आढळत नाहीत', कृपया खुलासा व्हावा. कार्यकारिणीच्या बैठकीत एका सभासदाने 'चोरी' हा शब्द उच्चारला. दुसऱ्याने 'भंगार' म्हटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, यात चोरीबिरी काही नाही, नेटवर्कची किरकोळ भानगड आहे, मी बसल्या जागी सोडवतो. टाळ्या पडल्या नाहीत, पण चहाबरोबर मला दोन बिस्किटं जास्त मिळाली.

बसल्या जागी काही सुटलं नाही, हे वेगळं सांगायला नको. फोन केला तर लागत नव्हता, लागला तर "सर, तुमी बोला, मी भायर येतो" असं ऐकू यायचं आणि बाहेर येता येता माणूस हरवायचा. शेवटी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पेन ड्राइव्ह, लॅपटॉप आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन खानापूर, लोंढा, रामनगर असा निघालो.

या तालुक्यात कागद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ नसणं ही काही मी आणलेली गोष्ट नाही. जुन्या कागदांत याचं नाव सुपे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे गाव होतं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला येऊन वसली, तालुक्याचं ठिकाण आता जोयडा. पण सीमाप्रश्नाच्या फायली उघडा. कारवार, सुपे, हल्याळ अशी नावं तिथे ठणठणीत आहेत. महाराष्ट्र आणि कर्नाटक अजून ज्याच्यावरून भांडतात, ते सुपे गाव बघायचं तर पाणबुडी लागेल. त्यामुळे ३६ कॉम्प्युटर आहेत पण दिसत नाहीत, याचं रामनगरच्या चहावाल्याला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "आसतील की. कुठं जातंय?"

वर रेल्वेमार्गावर कॅसलरॉक आहे, तेही याच तालुक्यात. १८८८ साली मुरगावची गाडी सुरू झाली आणि पुढे गोवा पोर्तुगीजांकडे असेपर्यंत कॅसलरॉकला कस्टमची चौकी होती. गोव्याकडून येणाऱ्या प्रत्येकाची ट्रंक उघडून आत काय काय आहे ते बघत. मला तो काळ फार मोलाचा वाटला. गाडी थांबवायची, दार उघडायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. पोर्ट, प्रॉक्सी, फायरवॉल काही नाही.

पहिली शाळा जगलबेटच्या बाजूची. मास्तरांनी माझ्या स्वागताला आख्खी सहावी उभी केली होती आणि माझ्यातला तांत्रिक सल्लागार फुलून आला. मी मुलांना सांगितलं की आता आपण या कॉम्प्युटरला बोलतं करणार आहोत. एजंट चालू होता, सर्व्हिसेसच्या यादीत 'रनिंग' असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे जिवंत आहे पण बोलत नाही. मग मी त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये ६२३५४ नंबरचं पोर्ट उघडलं. तिथे या एजंटचं स्वतःचं एक छोटं पान असतं आणि त्यावर 'आत्ताच्या आत्ता यादी पाठव' अशा अर्थाची एक लिंक असते. ती दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग फायरवॉल बंद केली. अँटीव्हायरसवर संशय घेतला. मास्तरांना सर्टिफिकेट म्हणजे काय, सर्व्हर आणि क्लायंट एकमेकांची ओळख कशी पटवतात, मध्ये कोणी तोतया आला तर काय होतं, हे फळ्यावर चित्र काढून समजावलं. तोतयाला मिशा काढल्या. मास्तर मान डोलावत होते, मुलं मिशांवर खूश होती, आणि कॉम्प्युटर गप्प होता.

लॉग उघडला. त्यात पुन्हा पुन्हा एकच ओळ, सर्टिफिकेट ग्राह्य नाही. मी म्हणालो, सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं असणार, बेळगावला जाऊन बघावं लागेल. पिशवी आवरायला घेतली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यावर रोज एक जानेवारीच असते."

कसली एक जानेवारी?

तिने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. १ जानेवारी २००९. "लाइट गेली की परत एक जानेवारी. आम्ही रोज हॅपी न्यू इयर म्हणतो."

तर भानगड अशी होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो मेला की मशीनला काळाचं भान राहत नाही, जागं झालं की ते कारखान्यात ठरवलेल्या तारखेपासून आयुष्य सुरू करतं. आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट परवा-तेरवाचं. २००९ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते अजून निघालेलंच नव्हतं. भविष्यकाळातलं सर्टिफिकेट दाखवणाऱ्या सर्व्हरवर त्याने विश्वास का ठेवावा? मी त्याच्या जागी असतो तर मीही पोलिसांना कळवलं असतं. विंडोज आपलं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लावून घेतं खरं, पण अशा सुट्या मशीनवर फरक १५ तासांच्या आतला असला तर. त्याहून मोठा फरक दिसला की ते घाबरतं आणि हात लावत नाही. वर्षांच्या फरकाबद्दल तर बोलायलाच नको.

सेल शोधायला मी, मास्तर आणि ती मुलगी बाजारात गेलो. रिचार्ज, चपला, आमसुलं आणि वह्या एकाच फळीवर मांडलेल्या दुकानात दुकानदाराने आधी मनगटी घड्याळाचा सेल दिला, मग भिंतीवरच्या घड्याळाचा, मग टॉर्चचा. मी बोटांनी गोल करून आकार दाखवत होतो. शेवटी मुलीने कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि त्याने लगेच एक डबा काढला. सामान तोलायच्या छोट्या काट्यात तोच सेल लागतो. सेल बसवला, तारीख लावली, लिंक दाबली, आणि बेळगावच्या सर्व्हरवर एक ठिपका हिरवा झाला. मी त्याचा फोटो कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकला. खाली 'अथक परिश्रमांनंतर' असं लिहिलं. मुलीचा उल्लेख जागेअभावी राहिला.

त्यानंतर जोयड्यापलीकडे, कुंभारवाड्याच्या रस्त्याला लागलो, खिशात सेलची पाकिटं घेऊन. आता मला रोग कळला होता. दारातून आत शिरलो आणि बोलून गेलो, "तारीख बघा तारीख!" तारीख बरोबर होती. म्हणजे आधी कॉम्प्युटर चालू झाल्यावर ती बरोबर दिसली. चालू होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली, कारण आधी सगळे प्लग भिंतीत घालायचे होते.

प्लग कोणी काढले? शिपाईमामांनी. का? मागे एकदा वीज कडाडली आणि मोडेम जळून काळा पडला. तेव्हापासून आभाळ आलं की मामा सगळ्या वायरी उपसून, गुंडाळून, कपाटात कुलपात ठेवतात. आभाळ कधी येतं? जूनमध्ये. जातं कधी? मामांनी बोटं मोजली. "दसऱ्याला जातं की, बहुतेक."

यात एजंटची स्वतःचीही एक सवय आहे. शेकडो मशीन सकाळी एकदम चालू झाली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी सर्व्हरचं दार ठोठावलं तर सर्व्हर गुदमरेल, म्हणून प्रत्येक एजंट पहिल्या भेटीआधी मुद्दाम थांबतो. किती थांबायचं ते चिठ्ठी टाकून ठरवतो, जास्तीत जास्त एक तास. मोठ्या कचेरीत हे शहाणपणाचं आहे. या शाळेत कॉम्प्युटरची तासिका चाळीस मिनिटांची, त्यातली पंधरा मशीन उठण्यात, पाच मुलांना जागेवर बसवण्यात. एजंट सभ्यपणे आपली पाळी येण्याची वाट बघत असतो आणि मामा प्लग काढतात. एजंटची पाळी आली तरी पुढे रेंज असायला हवी. रेंज शाळेच्या बाईंच्या फोनवर, आणि बाईंच्या फोनला रेंज मागच्या खिडकीच्या दुसऱ्या गजाशी. लॉकडाउनमध्ये मुलं इथल्या टेकाडावर चढून ऑनलाइन वर्गाला बसायची, त्या टेकाडावर अजून एक बसायचा दगड घासून गुळगुळीत झालेला आहे. मी तिथे लॅपटॉप घेऊन चढलो. रेंज मिळाली, श्वास मिळाला नाही.

वरून विजेच्या मोठ्या तारा जाताना दिसतात. सुप्याच्या धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. याच काळी नदीच्या काठी, घाटाखाली कैगाचा अणुऊर्जा प्रकल्प आहे आणि त्याच्या पहिल्या अणुभट्टीने ३१ डिसेंबर २०१८ ला थांबेपर्यंत सलग ९६२ दिवस चालून जागतिक विक्रम केला. नऊशे बासष्ट दिवस अणुभट्टी क्षणभरही बंद पडली नाही, आणि मला एका कॉम्प्युटरकडून पाठोपाठ दोन दिवस हजेरी घेता येत नव्हती. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिथं मोडेम जळला नसंल."

मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एजंटची थांबण्याची मुदत कमी केली, आणि मामांना समजावलं की दुपारी ऊन पडलं तर एक तास तरी प्लग राहू द्या. मामांनी मला त्यांचं रजिस्टर दाखवलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात रोजची तारीख आणि पुढे 'कॉम्प्युटर ६, माउस ५, सर्व हजर' असं निळ्या शाईत. सहावा माउस कुठे गेला तेही लिहिलेलं होतं, तारखेसह आणि विद्यार्थ्याच्या इयत्तेसह. मी लॅपटॉपची झाकणी मिटली.

सर्वांत जास्त अब्रू गेली ती वसतिगृहात. तिथे एका खोलीत ११ कॉम्प्युटर, सगळे चालू, वीज आहे, रेंज आहे, तारीख बरोबर, लॉगमध्ये 'यादी पाठवली' असं ठळक. आणि डॅशबोर्डवर तिथला कॉम्प्युटर दिसतो एकच. पण तो एक विलक्षण होता. सकाळी त्याचं नाव 'लॅब-३', दुपारी 'लॅब-८', संध्याकाळी 'लॅब-१'. रॅम कधी चार जीबी, कधी दोन. तासातासाला त्याचा मॉनिटर बदलत होता. मला वाटलं व्हायरस. मग वाटलं हॅकर. वसतिगृहाच्या अधीक्षकांना मी दार लोटून हळू आवाजात तसं सांगितलंही, आणि त्यांनी त्या रात्री प्रयोगशाळेच्या दाराशी एक मुलगा झोपायला ठेवला.

हे ११ म्हणजे सुटे भाग जोडून केलेले. ब्रँडेड मशीनला कारखान्यात सिरियल नंबर मिळतो. जोडलेल्या मशीनच्या मदरबोर्डवर त्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं लिहिलेलं असतं, म्हणजे जोडणाऱ्याने इथे नंबर भरावा. जोडणारा भरत नाही. कोण भरतं? आपण तरी फॉर्मवरची 'कार्यालयीन उपयोगासाठी' ही चौकट कधी भरली आहे? त्याशिवाय प्रत्येक बोर्डाला एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो, जगात दुसऱ्या कोणाचा नसावा असा. या ११ जणांचा तो असा होता : ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. शून्यं गाळून वाचा. तीन, दोन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी कंटाळून आकडे म्हणत म्हणत तो टाइप केला असावा, आणि तोच आकडा जगभरच्या स्वस्त बोर्डांवर छापून गेला. इन्व्हेंटरीच्या दुनियेत तो कुप्रसिद्ध आहे. आमच्या सर्व्हरच्या हिशेबाने सिरियल नंबर तोच, ओळख-क्रमांक तोच, म्हणजे मशीन तेच. अकरा जण पाळीपाळीने येऊन एकाच नावावर सही करून जात होते.

असले नंबर सर्व्हरने मानू नयेत म्हणून त्यांची एक काळी यादी ठेवलेली असते. आमच्या सर्व्हरवरची ती यादी रिकामी होती. कोणीतरी 'अनावश्यक नोंदी' म्हणून ती साफ केली होती. सर्व्हरचा इतिहास त्या साफसफाईपुढे माझं नाव दाखवतो. पण ज्या सर्व्हरला अकरा कॉम्प्युटर एक वाटतात, त्याच्या साक्षीवर कितपत विसंबायचं?

अधीक्षक जंगलाच्या कामातले माहीतगार. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. दर चार वर्षांनी देशभर वाघ मोजतात तेव्हा इथेही झाडांना कॅमेरे बांधतात. त्यांनी मला धीर दिला की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, फोटोवरून बरोबर ओळखतात, एका वाघाचे दोन होत नाहीत आणि दोनाचा एक होत नाही. मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरला तसं काही नसतं काय ओ?" त्यांचा हेतू चांगला होता.

तोवर वसतिगृहाच्या शिपायाने प्रत्येक कॅबिनेटच्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटने १ ते ११ आकडे रंगवून टाकले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, हॅकर कुठला ते ओळखायला.

शेवटची शाळा सर्वांत आत, दिग्गीच्या दिशेला. काळी नदी तिकडेच उगम पावते आणि १८४ किलोमीटर जाऊन कारवारला समुद्राला मिळते. त्या दिवशी ती उगमापाशीच समुद्रात मिळाल्यासारखा पाऊस होता. जीप एका ओढ्यापाशी थांबली, पुढे छत्री, मग छत्रीही नाही. शाळेत दोन कॉम्प्युटर दिले होते. टेबल होतं, टेबलावर चौकोनी डाग होते, कॉम्प्युटर नव्हते.

माझ्या डोळ्यांसमोर 'चोरी' म्हणणाऱ्या सभासदाचा चेहरा आला. मी जमेल तेवढ्या कठोर आवाजात विचारलं, मशीन कुठे आहेत? मास्तर म्हणाले, "आहेत, सर. मावशीकडे."

मावशी म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणारी कुणबी बाई. आम्ही चिखलातून तिच्या घरी गेलो. आत चूल पेटलेली, धुराने डोळे चुरचुरत होते. मावशीने वर बोट केलं. चुलीवरच्या माळ्यावर, काळ्याकुट्ट झालेल्या वाशांना लागून, बियाण्याची गाठोडी, पुढच्या वर्षी लावायचे करांदे, सुकी मासळी, आणि त्यांच्यामध्ये गोणपाटात नीट गुंडाळलेले दोन सीपीयू.

"पावसात सगळ्याला बुरशी धरते," मास्तर म्हणाले. "पहिल्या वर्षी उघडलं तर आत अळंबी. मावशी म्हणाल्या, बी ठेवतो तिथं ठेवूया."

मी चिडणार होतो. करारात 'थंड व कोरडी जागा' असं लिहिलेलं होतं. पण गोणपाट सोडून आत पाहिलं तर त्या ४३ मधली सर्वांत कोरडी आणि गंजाचा ठिपकाही नसलेली मशीन तीच होती. मासळीचा वास मात्र होता. तो इन्व्हेंटरीत नोंदवायला रकाना नसतो. मावशीने मला कोऱ्या चहाबरोबर उकडलेली कणगी दिली. जोयड्यात दरवर्षी कंदमुळांचा मोठा मेळावा भरतो, लोक लांबून बघायला येतात, पण या माळ्याखाली बसून खाल्लेल्या कणगीची चव मेळाव्यात नसणार. मावशीने विचारलं, "हे रोज कुणाला कळवायचं असतं?" मी म्हणालो, पुण्याला. तिने थोडा विचार केला. "बी पेरायच्या आधी कुणी विचारत नाही," म्हणाली आणि लाकूड पुढे सारलं.

बेळगावला परतलो. काळी यादी पुन्हा भरली, सेल वाटले, मुदती कमी केल्या. दसऱ्यानंतर आभाळ गेलं, मामांनी वायरी बाहेर काढल्या, मावशीने सीपीयू खाली उतरवले. एकेक ठिपका हिरवा होत गेला. डिसेंबरमध्ये एका दुपारी मी डॅशबोर्ड उघडला आणि मोजायला बसलो. ४४.

दिलेले ४३. दिसतात ४४.

त्याच संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज आनंदाने भरून आलेला. आमचा प्रकल्प लक्ष्याच्या १०२ टक्के झाला होता, असं त्यांच्या अहवालात छापलं जाणार होतं. आणि एका मशीनचं त्यांना विशेष कौतुक वाटलं. "ते एक बघा ना, सर, जोयड्याचंच आहे. भर पावसात बाकी सगळे बंद होते तेव्हाही रोज रिपोर्ट करत होतं. एक दिवस चुकलं नाही. कंपनी बघितली मी, इनोटेक जीएमबीएच. जर्मन आहे ना?"

जर्मनच आहे. सर्व्हर बसवला तेव्हा सगळं नीट चालतं का ते बघण्यासाठी मी त्याच्याच पोटात एक खोटा कॉम्प्युटर चालवला होता. व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा आभासी कॉम्प्युटर तयार करता येतो, आणि तो स्वतःचा निर्माता म्हणून इनोटेक हे नाव सांगतो. चाचणीपुरतं मी त्याला 'टेस्ट-१' म्हटलं होतं आणि ठिकाणापुढे 'जोयडा' टाकलं होतं. माझ्या टेबलाखाली, पंख्याच्या वाऱ्यात, अखंड विजेवर बसून त्याने सगळा पावसाळा जोयड्यातून इमाने इतबारे हजेरी लावली होती. सुरुवातीच्या त्या नऊ हिरव्या ठिपक्यांत आणि सात हिरव्या ठिपक्यांतही तो असणारच.

मी खाकरलो. लेटरहेडची डावी पट्टी डोळ्यांपुढे आली. "मॅडम," मी म्हणालो, "ती कंपनी आता राहिली नाही. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली."

यातला शब्द न् शब्द खरा आहे.

"अय्या, म्हणून एवढं टिकाऊ," मॅडम म्हणाल्या. "जुना माल. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आम्ही वीस मशीन घेतोय तुमच्यासाठी. हेच मॉडेल मिळेल का बघा. निदान कोटेशन तरी पाठवा, तीन लागतील."

मी दोन दिवस टाळलं. मग कार्यकारिणीकडून विचारणा झाली, कारण मॅडमनी त्यांनाही लिहिलं होतं. शेवटी एका दुपारी खडेबाजारातल्या ओळखीच्या दुकानात गेलो आणि कागदावर लिहिलेलं नाव पुढे केलं. मनात म्हटलं, हा हसेल, नाही म्हणेल, तेवढंच लेखी घेऊन मॅडमना पाठवता येईल.

दुकानदाराने चष्मा वर करून नाव वाचलं, कॅल्क्युलेटरवर काहीतरी आकडेमोड केली.

"अठरा हजार पडंल एकेकाला. जीएसटी वेगळा."

"आहे तुमच्याकडे?"

"मागवू की."